बोललेलं ऐकणारी, आडवं आलेलं टाळणारी गाडी: घरी बनवताना कुठे कुठे फसतं

माझा धंदा पाण्याच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचा. देवगड तालुक्यात आंब्याच्या बागा आहेत तोवर त्याला मरण नाही. तांब्याची तार, वार्निश आणि जळलेल्या कॉइलचा वास यात वीस वर्षं गेली, पण प्रोग्रॅम लिहितात कसा ते मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नववीतली भाची मालवणहून राहायला आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मामा, ह्या बघ, बोलल्यार चलता. आपण करूया?"

व्हिडिओ बारा मिनिटांचा होता. आमचा अख्खा मे गेला आणि जून उजाडला. त्यानंतर शाळेतल्या पोरांबरोबर आणखी तीन गाड्या केल्या. चौथी एका रविवारात उभी राहिली, कारण तोवर कुठे हात भाजतो ते कळलं होतं. ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट: सगळे आवाजापासून सुरुवात करतात. तुम्ही करू नका. शब्द ओळखायचं काम फोन करतो, गाडीला फक्त एक आकडा मिळतो. गाडी अडते ती वीज, ढिल्या वायरी आणि सेन्सरचं चुकीचं मोजमाप यांच्यामुळे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चाकं फिरू द्या, मग गाडीला डोळे द्या, आणि कान सगळ्यात शेवटी.

१. सामान गोळा करा

एका गाडीला हे लागतं:

- आर्डुइनो उनो बोर्ड, म्हणजे गाडीचा मेंदू (साधा, चिनी बनावटीचा चालतो) आणि त्याची यूएसबी केबल
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर, उनोच्या हुकमावर मोटारींना वीज देणारा
- पिवळ्या बीओ मोटारी (छोट्या, गिअरवाल्या) चार, चाकं चार, अ‍ॅक्रिलिकची चासी
- एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, आवाजाने अंतर मोजणारा
- एसजी९० सर्व्हो मोटर, सेन्सरला मान वळवण्यासाठी
- एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल
- १८६५० चे दोन लिथियम सेल, दोन सेलचा होल्डर, सेलचा योग्य चार्जर
- एलएम२५९६ चं व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल (दुकानात 'बक कन्व्हर्टर' म्हणा)
- १ किलोओहमचे तीन रेझिस्टर, '१०४' लिहिलेले चार सिरॅमिक कपॅसिटर, ४७० मायक्रोफॅरडचा एक
- एक स्विच, छोटा ब्रेडबोर्ड, जंपर वायरी (थोड्या जास्तच घ्या)
- हत्यारं: सोल्डरिंग आयर्न आणि डाख, मल्टिमीटर, पेचकस, कटर, ग्लू गन

सगळं मिळून मला दोन हजारांच्या आसपास पडलं. मल्टिमीटर घरात नसेल तर आधी तो घ्या, साधा चालेल. त्याच्याशिवाय ही गाडी बनवणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून जाळं विणणं.

तालुक्याच्या गावात यातलं अर्धंही मिळत नाही. ऑनलाइन मागवलं तर पार्सल आमच्या वाडीपर्यंत कधी येईल याचा नेम नसतो. मुंबईहून कोणी चाकरमानी येणार असेल तर त्याला यादी द्या, लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. पुण्याचं कोणी असेल तर बुधवार पेठ. यादीत नंबर नीट लिहा. 'ब्लूटूथचा पार्ट' एवढंच सांगितलंत तर एचसी-०६ येतो, नाहीतर गाण्याच्या स्पीकरचा बोर्ड. आमच्याकडे दोन्ही आलेले आहेत.

तुमच्या फोनची चौकशीही आत्ताच करा. एचसी-०५ जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतो आणि आयफोन त्याच्याशी बोलत नाही. अँड्रॉइड फोन हवा.

२. चासी आणि मोटारी

चासीच्या अ‍ॅक्रिलिकवर दोन्ही बाजूंनी कागद असतो, तो सोलून काढा. स्क्रू हळू आवळा, अ‍ॅक्रिलिक पापडासारखं तडकतं.

बीओ मोटारीच्या मागे तांब्याच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. वायर तिथे नुसती पिळून लावू नका, डाख द्या, पण आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, आतलं प्लास्टिक वितळतं. त्याच पट्ट्यांवर '१०४' चा कपॅसिटर लावा. मोटारीचे ब्रश ठिणग्या टाकतात, तो गोंगाट सेन्सरच्या मापात शिरतो. कपॅसिटर तो तिथल्या तिथे गिळतो. शेवटी वायरीवर ग्लू गनचा थेंब, म्हणजे ओढ बसली तरी पट्टी तुटत नाही.

दुकानात 'दोन मोटारी आणि पुढे एक फिरतं चाक' अशीही चासी मिळते. टाइल्सच्या घरात ती छान पळते. आमच्या जांभ्या दगडाच्या अंगणात ते फिरतं चाक पहिल्याच फटीत अडकलं. अंगण खडबडीत असेल तर चार चाकंच घ्या. डावीकडच्या दोन मोटारी एकत्र जोडा, उजवीकडच्या दोन एकत्र. एका बाजूची दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात ना, ते सेल लावून बघून घ्या.

३. वीज: इथे घाई करू नका

आमचे तीन आठवडे इथेच गेले.

बहुतेक व्हिडिओंत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दाखवतात, रिमोटात किंवा मल्टिमीटरमध्ये असते ती. मल्टिमीटर लावला तर ९ दाखवते, म्हणून माणूस फसतो. व्होल्ट आहेत, पण चार मोटारींना लागणारा करंट ती देऊ शकत नाही. गाडी दोन पावलं चालते, दिवे मंदावतात, उनो स्वतःला रिसेट करतो आणि ब्लूटूथ तुटतं. आम्ही पाच वेळा प्रोग्रॅम बदलला. प्रोग्रॅमचा काही दोष नव्हता.

१८६५० चा सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. दोन एकापुढे एक जोडले की ७.४, ताजे असताना ८.४. एल२९८एन जुन्या ट्रान्झिस्टरांवर चालतो आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे मोटारींना साधारण साडेपाच-सहा मिळतात. बीओ मोटारी ३ ते ६ व्होल्टच्या, तेव्हा हिशेब बरोबर बसतो.

सेल घेताना वेष्टनावरच्या आकड्याला भुलू नका. ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेला १८६५० सेल मिळाला तर तो नक्की खोटा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल मी वापरत नाही. पोरांच्या हातात द्यायची वस्तू आहे. सेल उलटा घालू नका, दोन टोकं धातूने जोडली जाऊ देऊ नका, खिशात किल्ल्यांबरोबर तर मुळीच ठेवू नका.

आता जोडणी. सेलचं धन टोक स्विचमधून दोन ठिकाणी जाईल: एक फाटा एल२९८एन च्या १२ व्होल्ट लिहिलेल्या खाचेत, दुसरा एलएम२५९६ मध्ये. एलएम२५९६ वर पितळी स्क्रूचा छोटा डबा असतो. काहीही पुढे जोडण्याआधी मल्टिमीटर लावून तो स्क्रू फिरवा आणि बाहेर बरोबर ५ व्होल्ट येतात ते बघा. दुकानातून आला तसा जोडलात तर सात व्होल्ट थेट उनोच्या ५ व्होल्ट पिनेत जातील आणि बोर्ड संपेल. हा ५ व्होल्टचा पुरवठा उनोच्या ५ व्होल्ट पिनेला, सर्व्होला, सेन्सरला आणि ब्लूटूथला द्या. सर्व्होच्या जवळ ४७० चा कपॅसिटर लावा, त्याची पांढरी पट्टी ऋण बाजूला.

सर्व्हो छोटा दिसतो म्हणून त्याला उनोच्याच जिवावर सोडू नका. मान वळवताना तो एकदम करंट ओढतो. मी मल्टिमीटर लावून बसलो तेव्हा सर्व्हो वळताक्षणी आकडा ५ वरून ४.३ वर घसरताना दिसला, आणि त्याच वेळी ब्लूटूथचा दिवा पुन्हा भराभर लुकलुकायला लागला. उनोऐवजी एलएम२५९६ मधून थेट पुरवठा दिला आणि तो आजार गेला.

आणि ग्राउंड. सेल, ड्रायव्हर, उनो, सर्व्हो, सेन्सर, ब्लूटूथ, सगळ्यांचं ऋण टोक एकमेकांना जोडलेलं हवं. एकाचं जरी सुटलं तर गाडी भूत लागल्यासारखी वागते: कधी चालते, कधी नाही, हात लावला की चालते. असं काही दिसलं की प्रोग्रॅम उघडू नका, आधी ग्राउंडची वायर शोधा.

संगणकावरून प्रोग्रॅम टाकताना गाडीचा स्विच बंद ठेवा. यूएसबीची वीज आणि सेलची वीज एकाच वेळी त्या पिनेवर येऊ देऊ नये.

४. कोणती वायर कुठे

आमच्या गाडीत असं आहे (आकडे उनोच्या पिनांचे):

- एल२९८एन चे दोन वेगाचे पाय (ईएनए, ईएनबी): ५ आणि ६. आधी त्यांच्यावरचे प्लास्टिकचे जंपर काढा.
- दिशेचे चार पाय: ४, ७, ८, १२
- सर्व्होची सिग्नलची वायर: ९
- सेन्सरचा ट्रिगर ए-०, इको ए-१
- ब्लूटूथ: २ आणि ३

वेगाचे पाय ९ किंवा १० वर लावू नका. उनोवर सर्व्होची लायब्ररी वापरली की त्या दोन पिनांवरचं वेग कमी-जास्त करण्याचं काम बंद पडतं, कारण आतलं घड्याळ सर्व्हो घेतो. आमची गाडी एका चाकाने पळायची आणि दुसरं ढिम्म. हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं.

उनो संगणकाला लावल्यावर पोर्ट दिसत नसेल तर घाबरू नका. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. तरी दिसत नसेल तर केबल बदला. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

आता आवाज नाही, सेन्सर नाही, एवढ्यावरच एक छोटा प्रोग्रॅम टाका: दोन सेकंद पुढे, दोन मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब. गाडी विटांवर उचलून ठेवा, चाकं हवेत राहू द्या. एखादी बाजू उलटी फिरली तर प्रोग्रॅममध्ये डोकं घालू नका, त्या बाजूच्या दोन वायरी ड्रायव्हरमध्ये अदलाबदल करा.

५. गाडीचे डोळे

आमच्या बंदरातल्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, फिश फाइंडरच्या पडद्याकडे बघून जाळं टाकायचं की नाही ते ठरवतो. बोटीच्या बुडातून आवाज खाली जातो, मासळीच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली कळते. एचसी-एसआर०४ तेच करतो, फक्त हवेत. ट्रिगरला १० मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की तो ४० किलोहर्ट्‌झचे आठ ठोके सोडतो; आपल्याला ते ऐकू येत नाहीत. परत येईपर्यंतचा वेळ इकोच्या पायावर मिळतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४३. जाऊन-येऊन दोन्ही फेऱ्या धरल्या तर मायक्रोसेकंदांना ५८ ने भागायचं, सेंटिमीटर मिळतात. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात आवाज थोडा जलद जातो, पण २५ सेंटिमीटरला फरक पडतो अर्ध्या सेंटिमीटरचा, तो सोडून द्या.

सेन्सर २ सेंटिमीटर ते ४ मीटर मोजतो असं लिहिलेलं असतं. भिंतीसमोर सरळ धरला तर खरंच मोजतो. पण घर म्हणजे काही सरळ भिंत नव्हे. आम्ही सगळ्या घरात फिरवून बघितला:

- गुळगुळीत भिंतीकडे गाडी तिरकी गेली तर आवाज दुसरीकडेच उडतो. सेन्सर म्हणतो, समोर काही नाही.
- वाळत घातलेलं जाळं, काथ्याचं पायपुसणं, पेंढ्याची पेंडी, लोंबणारी चादर: आवाज आत मुरतो. गाडी खुशाल आत शिरते.
- पितळेचा हंडा गोल असतो, फक्त अगदी मधोमध आला तरच दिसतो.
- खुर्चीचा बारीक पाय कधी दिसतो, कधी नाही.
- मांजर दिसते, पण ती थांबत नाही.

म्हणून सेन्सर सर्व्होवर बसवून थोडं डावी-उजवीकडे बघत राहायला लावायचं, एका मापावर विसंबायचं नाही. तीन मापं घ्या आणि मधलं धरा. दोन मापांमध्ये ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर आधीच्याच आवाजाचा पडसाद दुसऱ्या मापात येतो. सेन्सर जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर वर ठेवा. खाली ठेवला तर अंगणातला प्रत्येक उंचवटा अडथळा होतो.

एक मोठा सापळा. समोर खरंच काही नसेल आणि प्रोग्रॅममध्ये वाट बघायची मर्यादा घातली असेल, तर माप शून्य येतं. आणि प्रोग्रॅम म्हणतो, '२५ पेक्षा कमी असेल तर थांब'. शून्य २५ पेक्षा कमीच! ओहोटीला मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर गाडी नेली, समोर मोकळी वाळू आणि समुद्र, आणि गाडी एक इंच हलेना. भाची ओरडली, "मामा, गाडी ऐकणाच नाय!" घरी आणली तर शहाण्यासारखी चालली. दोन दिवस डोकं खाजवलं. तेव्हा शून्य आलं तर ते माप टाकून द्या आणि पुन्हा घ्या. सलग पाच वेळा शून्य आलं तर समोर मोकळं आहे असं समजून हळू पुढे जा. पूर्ण वेगाने नाही, कारण सेन्सरची वायर सुटली तरी शून्यच येतं.

किनाऱ्यावर परत नेऊ नका, हेही सांगून ठेवतो. बीओ मोटारीचा गिअरबॉक्स बंद नसतो. आठवडाभर त्यातून वाळू करकरत होती.

शेवटचं: हा सेन्सर समोरचं बघतो, खालचं नाही. खड्डा, पायरी, पडवीची कड त्याला कळत नाही. आमची पहिली गाडी ज्या दिवशी पहिल्यांदा नीट चालली, त्याच दिवशी ओटीवरून थेट तुळशीवृंदावनापाशी पडली. चासीचा कोपरा गेला, सर्व्होचा दाता तुटला. ओटी-पडवीचं घर असेल तर पुढच्या बाजूला खाली तोंड करून एक आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर लावा, जमीन दिसेनाशी झाली की थांबा.

६. प्रोग्रॅम: कोणाचं ऐकायचं ते आधी ठरवा

इथे सगळा कोड देत बसत नाही, तयार कोड ढिगाने सापडतात. ते वाचताना तीन गोष्टी तपासा.

एक, सेन्सरचा शब्द आवाजाच्या वर हवा. हिशेब करून बघा. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण २० सेंटिमीटर जाते. मिनिटाला १५० फेरे धरले तर सेकंदाला अर्धा मीटर. तुम्ही 'थांब' म्हणता, फोन ऐकतो, नेटवर पाठवतो, शब्द परत येतो, ब्लूटूथने गाडीला जातो. आमच्या वाडीतल्या नेटवर यात दोन सेकंद सहज जातात. तोवर गाडी एक मीटर पुढे. अडथळ्यासमोर तिला थांबवणारा फक्त सेन्सर. म्हणून प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीत आधी अंतर, मग हुकूम. पुढे जाताना २५ सेंटिमीटरच्या आत काही आलं तर थांबा, थोडं मागे या, मान वळवून दोन्हीकडे मोजा, जिकडे जास्त जागा तिकडे वळा. हुकूम 'पुढे' असला तरीही.

दोन, 'डिले' (प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबवून ठेवणारी आज्ञा) टाळा. डिले चालू असताना गाडी आंधळी आणि बहिरी असते. अर्ध्या सेकंदाचा डिले म्हणजे पाव मीटर डोळे मिटून. वेळ मोजायचीच तर 'मिलीस' वापरा, ते न थांबता किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. नवख्याला हे जड जातं, आम्हालाही गेलं, पण एकदा जमलं की अर्ध्या कटकटी संपतात.

तीन, हुकमाला मुदत घाला. 'पुढे' म्हटलं की तीन सेकंद चाल, नंतर आपोआप थांब. ब्लूटूथ मध्येच तुटलं तर गाडी शेवटचा हुकूम धरून चालतच राहते. आमची गोठ्यात गेली होती.

७. ब्लूटूथ

एचसी-०५ चा पाठवणारा पाय (टीएक्स) उनोच्या २ वर सरळ जोडा. ऐकणारा पाय (आरएक्स) ३.३ व्होल्टचा आहे आणि उनो ५ व्होल्ट सोडतो. मध्ये रेझिस्टर लावा: उनोच्या ३ मधून १ किलोओहम, तिथून आरएक्सला वायर, आणि त्याच जागेवरून उरलेले दोन एकापुढे एक करून ग्राउंडला. ५ चे ३.३ होतात. बरेच जण हे न करता चालवतात आणि काही दिवस चालतंही.

जोडणीच्या काही नकाशांत ब्लूटूथ ० आणि १ वर दाखवतात. त्या पिना यूएसबीच्याही आहेत, त्यामुळे प्रोग्रॅम टाकताना 'नॉट इन सिंक' असा लाल मजकूर येतो आणि माणूस बोर्ड फेकून देतो. दर वेळी मॉड्यूल उपटण्यापेक्षा २ आणि ३ वर सॉफ्टवेअर सीरियल (दुसऱ्या पिनांवरून तसंच बोलू देणारी लायब्ररी) वापरा, वेग ९६००.

आधी फोनच्या सेटिंगमधून जोडी जुळवा. संकेत १२३४, नाहीतर ००००. जोडी जुळली तरी दिवा भराभरच लुकलुकतो. अ‍ॅपमधून खरं कनेक्शन झालं की दोनदा लुकलुकून थोडा थांबतो, मग पुन्हा दोनदा. हा दिवा ओळखायला शिका, बिघाड फोनकडे की गाडीकडे ते तोच सांगतो.

८. फोनचं अ‍ॅप आणि आपली भाषा

तयार अ‍ॅप आहेत, पण त्यातली बरीच इंग्रजी शब्दांवर बेतलेली, आणि काही शब्दाच्या आधी चांदणी, शेवटी हॅश लावून पाठवतात, ते प्रोग्रॅममध्ये काढत बसावं लागतं. स्वतःचं अ‍ॅप बनवा. एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडून अ‍ॅप होतं. भाचीने ते एका संध्याकाळी केलं, मी चहा दिला.

लागतं एवढंच: ब्लूटूथची यादी उघडणारं बटण, 'बोला' असं बटण, आवाज ओळखणारा घटक, ब्लूटूथ क्लायंट, आणि एक मोठी पाटी. आवाज ओळखणाऱ्या घटकाची भाषा मराठी करा. ओळखायला बहुधा नेट लागतं. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनवर 'जवळपासची उपकरणं' ही परवानगी दिली नाही तर यादी रिकामी दिसते किंवा अ‍ॅप बंद पडतं.

पाटी कशाला? फोनने काय ऐकलं ते त्यावर दाखवायला. आम्ही आधी पाटी ठेवली नव्हती आणि गाडीला शिव्या घालत बसलो. पाटी लावल्यावर कळलं की आमच्या आईच्या 'रव'चं फोन 'रवा' करत होता. मालवणीत थांब म्हणजे रव. गाडी तिच्या पायाशी येत होती आणि ती पाटावरून ओरडत होती, "रव गो, रव!" गाडीला त्यातलं काही समजत नव्हतं. मग 'रवा' हाही थांबण्याचा हुकूम करून टाकला. तुमच्या घरात जसं बोलतात तसे शब्द घ्या: पुढेबरोबर 'फुडे', मागेबरोबर 'फाटी'. आधी फोनला दहादा ऐकवा, तो काय लिहितो ते वहीत उतरवा, आणि तेच लिखाण अ‍ॅपमध्ये घाला.

मराठी शब्द तसेच्या तसे गाडीकडे पाठवू नका. 'पुढे' दिसायला दोन अक्षरं, पण संगणकाला ती प, उकार, ढ, मात्रा अशी चार चिन्हं, आणि प्रत्येकाला तीन बाइट: एकूण बारा. एखादा बाइट वाटेत हरवला की शब्द जुळत नाही. अ‍ॅपमध्येच शब्दाचा आकडा करा आणि तोच पाठवा: पुढे १, मागे २, डावीकडे ३, उजवीकडे ४, थांब ५. आकडे इंग्रजी कळफलकावरचे घ्या. गाडीकडे ते अक्षर म्हणून येतात, संख्या म्हणून नाही. १ हे अक्षर संगणकात ४९ असतं. प्रोग्रॅममध्ये आकड्याला एकेरी अवतरण चिन्हं लावली नाहीत तर गाडी काहीच करत नाही आणि चूकही दाखवत नाही.

शब्द तपासताना 'बरोबर हाच' असं न विचारता 'यात हा आहे का' असं विचारा. मग 'पुढे जा', 'जरा पुढे', 'थांबा', 'थांब रे' सगळं चालतं. पण क्रम महत्त्वाचा. भाचा म्हणाला, "थांब, पुढे जाऊ नको," आणि गाडी पुढे गेली, कारण अ‍ॅपने आधी 'पुढे' शोधलं. 'थांब' आणि 'नको' सगळ्यात आधी तपासा.

९. प्रदर्शनाला नेताना

घरी चालणारी गाडी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गप्प बसते. हॉलमध्ये शंभर पोरांचा कलकलाट, स्पीकरवर सूचना, आणि नेट गायब. फोन तोंडाजवळ धरून बोला. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनवरून नेट घेता येईल असं बघा. आणि अ‍ॅपमध्ये पाच साधी बटणं ठेवा. आवाज नाही चालला तर निदान अडथळा टाळणं तरी परीक्षकांना दाखवता येतं. बरोबर जोडणीचा हाताने काढलेला नकाशा, वही, सामानाची बिलं, चार्ज केलेले दोन जादा सेल आणि पेचकस न्या. ब्लूटूथचं नाव आधीच बदलून ठेवा. आमच्या वेळी हॉलमध्ये तीन एचसी-०५ होते, तिन्हींचं नाव तेच, संकेतही तोच. आमच्या 'पुढे'ला शेजारच्या शाळेची गाडी निघाली.

१०. खारी हवा आणि पावसाळा

पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत हे नसतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी कपाटावर तशीच ठेवलीत तर सेल होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर येतो आणि जंपर वायरींची टोकं काळी पडतात. दिसतं जोडलेलं, पण वीज जात नाही. गाडी नीट चालायला लागली की ब्रेडबोर्डवरच्या जोडण्या डाख देऊन पक्क्या करा, उघड्या डाखावर नेलपॉलिशचा हात फिरवा. ठेवताना सेल काढून वेगळे ठेवा, अर्धे चार्ज केलेले. गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या चार पुड्या. बंद पडलेली बाहेर काढलीत तर आधी स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासा, मग बाकीचं बघा.

डबा फार वर ठेवू नका मात्र. गणपतीत पाहुण्यांची पोरं मागतातच, आणि सेल चार्ज व्हायला तीन-चार तास लागतात. आदल्या रात्री वीज असतानाच लावून ठेवा.